संमतीची मराठी आणि चौकशीचा अर्ज



मला दिलेला विषय ‘संकेतस्थळे आणि मराठी’ असा ऐसपैस होता. तो मी पुष्कळ लहान करून घेतला आहे. संकेतस्थळाच्या तळाशी किंवा कडेला एक छोटासा अर्ज असतो : नाव, मोबाइल क्रमांक, काय हवे आहे, आणि खाली एक बटण. रुग्णालये, शिकवण्या, घरे बांधणारे, विमावाले, यात्रा कंपन्या, सगळ्यांकडे तो असतो. त्यातून जे मिळते त्याला कचेऱ्यांमध्ये ‘लीड’ म्हणतात. आपला दुकानदार त्यालाच ‘चौकशी’ म्हणतो. ‘आज दोन चौकश्या आल्या’ हे वाक्य कोणालाही समजावून सांगावे लागत नाही, म्हणून मी तोच शब्द वापरणार आहे. या चौकशीच्या अर्जाबद्दल, आणि हल्ली त्याच्या डोक्यावर येऊन बसलेल्या संमतीच्या पट्टीबद्दल मला बोलायचे आहे.

संकेतस्थळांचा मजकूर मराठीत करणे हे माझे काम. त्यात झालेली एक चूक आधी सांगते, कारण ती अर्धी माझी होती. शहरातल्या एका रुग्णालयाने मराठी पान सुरू केले. नांदेड, लातूर, परभणीकडून आणि आपल्या आदिलाबाद, बोधनकडून उपचारासाठी हैदराबादला येणारी माणसे थोडी नाहीत. पान बरे चालले होते. मग युरोपातल्या पद्धतीची संमतीची पट्टी त्यावर बसवली गेली. तिचा मजकूर मीच मराठीत केला होता. त्यानंतर इंग्रजी पानावरच्या चौकश्या थोड्या घटल्या आणि मराठी पानावरच्या जवळजवळ थांबल्या. बैठकीत निष्कर्ष तयार होता : मराठी लोक अर्ज भरत नाहीत, ते थेट फोन करतात. मीही मान डोलावली.

पुढे नांदेडहून एका नातेवाइकाचा फोन आला. त्यांना आईसाठी वेळ घ्यायची होती. ‘ताई, तुमच्या त्या पानावर अर्जच नाही. नुसती पांढरी जागा आहे.’ मी इकडे पान उघडले, तर अर्ज जागेवर. बराच वेळ दोघांची झटापट चालली. शेवटी त्यांनी सहज सांगितले, की सुरुवातीला काहीतरी विचारले होते, त्याला आपण ‘नाकारा’ म्हटले. मी रोज ‘स्वीकारा’ दाबत होते. तपासणारे सगळेच स्वीकारा दाबत होते. जो नाही म्हणेल त्याच्यासमोरून अर्ज नाहीसा होत होता, आणि हे आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते.

मराठी पानावरच हे जास्त का घडले? कारण मी लिहिले होते, ‘हे संकेतस्थळ आपला अनुभव वर्धित करण्यासाठी कुकीज वापरते.’ खाली बटणे : ‘सर्व स्वीकारा’, ‘प्राधान्ये व्यवस्थापित करा’, ‘नाकारा’. उस्मानिया बिस्किटाच्या गावात कुकी म्हणजे काय हा प्रश्न विनोदाचा वाटेल, पण आजारी आईसाठी डॉक्टर शोधणाऱ्याला तो विनोद नसतो. ‘सर्व’ म्हणजे काय सर्व? पैसे पडतील का? न समजलेल्या गोष्टीला शहाणा माणूस नाहीच म्हणतो. त्या गृहस्थांनी योग्य तेच केले, आणि आमच्या यंत्राने त्यांना त्याची शिक्षा दिली.

आता कुकी म्हणजे काय, हे एकदा आपल्या शब्दांत पाहू. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मोंटुली या अभियंत्याने ही युक्ती काढली. संकेतस्थळाला स्मरणशक्ती नसते. आपण पान उलटले की तो आपल्याला विसरतो. म्हणून तो आपल्याच यंत्रात एक खूण ठेवतो आणि पुढच्या वेळी ती परत मागतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसे हे. त्या बिल्ल्याला कोणाची हरकत नाही. पण समजा एकाच माणसाने गावातल्या सगळ्या देवळांबाहेर आपले पोरगे बसवले, आणि आपण कुठल्या देवळात किती वेळा गेलो हे तो एका वहीत लिहू लागला, तर? जाहिरातींसाठीच्या कुकीचे काम साधारण असे आहे. संमती मागायची ती या वहीसाठी. चपलांच्या बिल्ल्यासाठी नव्हे.

ही पट्टी मुळात युरोपातली. तिथे २००९च्या दुरुस्तीने अशा खुणा ठेवण्याआधी विचारणे आले, २०१८च्या मे महिन्यात माहिती संरक्षणाचा मोठा कायदा लागू झाला, १ ऑक्टोबर २०१९ला तिथल्या न्यायालयाने सांगितले, की आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. जानेवारी २०२२मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण एवढेच, की होकार एका टिचकीत होता आणि नकाराला अनेक टिचक्या लागत होत्या. हायटेक सिटीच्या परिसरात बसून परदेशी ग्राहकांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांपर्यंत ही पट्टी अशी पोचली, आणि तिथून तयार कपड्यासारखी इथल्या पानांना चढवली गेली.

अर्ज नाहीसा का होतो, याची कारणे मात्र अगदी साधी आहेत. बहुतेक अर्ज त्या पानाचे नसतातच. ते दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरून पानात आणून बसवलेले असतात. संमतीची पट्टी ‘नाही’ ऐकताच बाहेरून येणारे सगळे अडवते. त्यात जाहिरातवाला अडतो आणि अर्जही अडतो. कधी अर्ज दिसतो, पण ‘मी यंत्रमानव नाही’ हे तपासणारा भाग बाहेरचा असल्याने अडतो, आणि बटण दाबले तरी काही होत नाही. कधी अर्जात एक लपलेला रकाना असतो. हा माणूस कुठली जाहिरात पाहून आला, हे त्यात कुकीवरून भरायचे असते. कुकी नाही, म्हणून रकाना रिकामा. रकाना रिकामा, म्हणून अर्ज पुढे सरकत नाही. शिवाय मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त जागा घेतो. लहान मोबाइलवर पट्टी एवढी फुगते, की तिच्याखाली अर्जाचे बटण झाकले जाते. हे मी स्वतः पाहिले आहे.

उपायही फार अवघड नव्हते. अर्ज रुग्णालयाच्या स्वतःच्या यंत्रावर आणला, साध्या एचटीएमएलमध्ये. बाहेरच्या तपासणीऐवजी माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवला : भुरटी यंत्रे दिसेल तो रकाना भरतात, माणूस तो भरत नाही, म्हणून भरलेला आला की अर्ज बाजूला काढायचा. जाहिरातीची खूण पानाच्या पत्त्यात आली तर घ्यायची, नाही आली तर रकाना रिकामा जाऊ द्यायचा. आणि किती अर्ज आले हे जाहिरात कंपनीला विचारण्याऐवजी आपल्याच वहीत मोजायचे. विपणन विभागाची कुरकुर होतीच, कारण कोणती जाहिरात लागू पडली हे आता पूर्वीइतके कळत नाही. ते खरे आहे, आणि नाही म्हणणाऱ्याचा मान ठेवायचा तर तेवढे कळणे सोडावे लागते. हे टाळता येते असे सांगणारी साधने बाजारात आहेत. मी त्यांच्याकडे संशयाने पाहते.

पण हे सगळे तंत्रज्ञांच्या सभेत सांगायचे. इथे ते सांगण्याचे कारण वेगळे. आपल्या देशात ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. बहुतेक तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात कुकी हा शब्दच नाही. तो बोलतो माहितीबद्दल आणि संमतीबद्दल. त्याच्या कलम ५ आणि ६मध्ये असे म्हटले आहे, की माहिती मागताना द्यायची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्या व्यक्तीला दिला पाहिजे. अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि मराठी त्यातली एक. म्हणजे हैदराबादच्या एखाद्या कंपनीने बोधनच्या बाईचा मोबाइल क्रमांक संमतीच्या आधारावर घेतला, तर ते कशासाठी हे मराठीत वाचायला मिळणे हा तिचा हक्क होणार आहे. भाषेच्या सभांमध्ये आपण वर्षानुवर्षे ठराव करतो. इथे ठराव न करता एक दार उघडले आहे, आणि त्या दारातून आत काय जाणार आहे ते मी मघाशी वाचून दाखवले : ‘अनुभव वर्धित करण्यासाठी’.

न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर होकार देणे या शहराला आणि मराठवाड्याला नवीन नाही. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी. गावचे दप्तर बऱ्याच ठिकाणी मराठीत चाले, पण वर कचेरीत आणि न्यायालयात उर्दू. कागदात काय लिहिले आहे ते वाचून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवायचा आणि अंगठा उठवायचा. १९५६ साली मराठवाडा वेगळा झाला, पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे कागद अजून पेटीत असतील. संकेतस्थळावरची टिचकी हा त्याच अंगठ्याचा नवा अवतार आहे, असे मला काम करताना सारखे वाटते.

त्याच राज्याने एक चांगले उदाहरणही घालून दिले, तेही सांगायला हवे. १९१७ साली इथे दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे खाते, स्थापन झाले. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शास्त्रे शिकवायची होती, आणि त्यासाठी पुस्तके व परिभाषा नव्हती. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. भाषेचे जाणकार आणि विषयाचे जाणकार एकत्र बसून शब्द ठरवत. आज संमतीच्या पट्टीचे भाषांतर कसे होते? संध्याकाळी एक तक्ता येतो, त्यात संदर्भ नसलेले चाळीस तुटक तुकडे असतात, आणि सकाळपर्यंत ते परत द्यायचे असतात. ‘सर्व’ हा शब्द कशाला लागणार आहे हे भाषांतर करणाऱ्याला माहीत नसते. अलीकडे तर पहिला मसुदा यंत्रच करते.

परिभाषेचा प्रश्न इथेच येतो. इंग्रजी ‘डेटा’साठी आपल्याकडे ‘विदा’ हा शब्द रुजवण्याचा प्रयत्न चालू आहे. व्युत्पत्तीने तो निर्दोष आहे. पण हैदराबादेत ‘विदा’ म्हटले की मुलगी सासरी निघालेली दिसते. ‘आपली विदा आम्ही सुरक्षित ठेवू’ हे वाक्य मी एकदा लिहिले आणि इथल्या सहकाऱ्यांनी ते महिनाभर माझ्या नावाने म्हणून दाखवले. अर्जावर ‘माहिती’ पुरते. कायदा माहिती घेणाऱ्याला जे नाव देतो त्याचा अर्थ विश्वस्ताच्या जवळ जातो, आणि मला ते नाव आवडते. ‘ठेव’ हा आपला जुना शब्द त्या कल्पनेला नेमका बसतो : दिलेली वस्तू देणाऱ्याचीच राहते, मागितली की परत करायची. जाता जाता, या कायद्यात सर्वच व्यक्तींसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरले आहे. मराठी मसुदे करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

संमती कशी असावी हे कायदा पाच विशेषणांनी सांगतो. ती मोकळेपणाने दिलेली, नेमकी, माहिती असताना दिलेली, अट नसलेली आणि संदिग्ध नसलेली असावी. मी या पाचांना संस्कृत प्रतिशब्द शोधत बसले होते. मग घरातले एक जुने खरेदीखत हाती आले. शेवटी नेहमीचे शब्द : राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, वाचून समजून लिहून दिले असे. आपल्या दस्तलेखकांनी संमतीचा जवळजवळ सगळा कायदा एका ओळीत बसवून ठेवला होता. शब्द फारसी, मराठी, संस्कृत, सगळे मिसळलेले, आणि गावातल्या कोणालाही कळणारे. ‘वर्धित’ लिहिताना मला ही ओळ आठवली नाही, कारण संगणकाचे मराठी वेगळे असते असे मी धरून चालले होते.

त्या दस्तात आणखी एक गोष्ट आहे. तो प्रथमपुरुषी असतो : मी लिहून देतो, मी लिहून देते. संकेतस्थळावरचे ‘स्वीकारा’ हे आज्ञार्थी आहे. कंपनी वाचकाला हुकूम सोडते, आणि वाचकाने तो पाळला की त्याला संमती म्हणायचे. बटण वाचकाच्या तोंडचे हवे. पण ‘स्वीकारतो’ की ‘स्वीकारते’, हा घोळ मराठीत लगेच येतो. ‘मान्य आहे’ म्हटले की तो सुटतो. मी आधी ‘चालेल’ लिहून पाहिले. गोड शब्द आहे, पण आपल्याकडे ‘चालेल’ नाइलाजानेही म्हणतात. पाहुण्यांनी चहा पुढे केला की म्हणतात. संदिग्ध नको असलेल्या ठिकाणी तो नको. नकाराला मात्र ‘नाकारा’, ‘असहमत’ असले काही लागत नाही. ‘नको’ आहे. दखनीने हा शब्द मराठीतून घेऊन ‘नक्को’ केला आहे, त्यामुळे चारमिनारपासून गच्चीबावलीपर्यंत तो कोणाला समजावून द्यावा लागणार नाही.

चौकशीच्या अर्जाचे स्वतःचे काम तर त्याहून सोपे आहे. कायद्यात उदाहरण दिले आहे : कोणी भाड्याचे घर शोधून देण्यासाठी दलालाला निरोप पाठवते आणि आपली माहिती देते. दलालाने त्या कामापुरती ती वापरावी. ‘आता गरज नाही’ असे तिने कळवले, की थांबावे. आपला अर्ज हाच आहे. ज्या कामासाठी क्रमांक दिला त्या कामाचा फोन करायला चार पानी संमतीपत्र लागत नाही. लागते ते दुसऱ्या कामाला : क्रमांक भावाच्या कंपनीला द्यायला, सणासुदीला सवलतींचे निरोप पाठवायला, जाहिरातवाल्याच्या वहीत नाव घालायला. सगळा घोळ ही दोन कामे एका बटणात बांधल्याने होतो. ती सोडवली, की नको म्हणणाऱ्याचाही अर्ज पोचतो.

शिकवणीवर्गांनी मात्र सावध राहावे. अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती लागणार आहे, आणि मुलांवर जाहिरातींसाठी पाळत ठेवायला मनाई आहे. अकरावी-बारावीच्या वर्गांचे अर्ज आज सर्रास मुलांकडूनच भरून घेतले जातात. ‘विद्यार्थ्याचे नाव’ याच्या वर ‘पालकांनी भरावे’ एवढे लिहून भागेल असे कोणी समजू नये, पण सुरुवात तिथून करावी.

देवनागरीबद्दल दोन गोष्टी सांगते, या नेहमी राहून जातात. मराठी पानावर अर्ज मराठी असतो, आणि त्यात मराठीत नाव लिहिले की लाल अक्षरांत उत्तर येते : नाव अवैध आहे. पुष्कळदा तपासणीत फक्त इंग्रजी अक्षरे मान्य असतात. कोणी सुधारणा करतो आणि ‘कोणत्याही लिपीतले अक्षर चालेल’ असे लिहितो. मग ‘कमल’ पास होते आणि ‘शिंदे’ नापास. कारण संगणकाच्या हिशेबात वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार ही अक्षरे नव्हेत, ती खुणांच्या वेगळ्या गटात आहेत, आणि तो गट परवानगीत घालायचा राहतो. दुसरी गोष्ट, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, इंग्रजी अक्षर एक. ३० बाइटांच्या रकान्यात इंग्रजी नाव सुखाने बसते, मराठी नाव दहा चिन्हांत कापले जाते. नाव कापलेली चौकशी आली, की पलीकडचा माणूस ती बोगस समजून टाकून देतो. इथेही निष्कर्ष ठरलेला असतो, की मराठी लोक अर्ज नीट भरत नाहीत.

आणि एक नोंद ठेवायची. वाद झाला तर सूचना दिली होती आणि संमती घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर आहे. म्हणून प्रत्येक संमतीबरोबर तारीख, वेळ, भाषा आणि त्या दिवशी पट्टीवर असलेला नेमका मजकूर जपावा. इंग्रजी मजकूर जपून मराठीत विचारले, असे चालणार नाही.

आता मी केलेला मसुदा वाचते. पट्टीवर : ‘आपण या संकेतस्थळावर कोणती पाने पाहिली याची नोंद जाहिरात कंपन्यांना देऊ का? नको म्हटलेत तरी पान आणि अर्ज तसेच चालतील.’ खाली सारख्या आकाराची दोन बटणे : ‘मान्य आहे’ आणि ‘नको’. अर्जाखाली : ‘आपले नाव आणि मोबाइल क्रमांक या चौकशीला उत्तर देण्यापुरतेच वापरू. दुसऱ्या कोणाला देणार नाही. फोन नको असेल तर इथे कळवा.’

‘नोंद’ हा शब्द आदिलाबादकडे याच अर्थाने लगेच कळतो का, याची मला खात्री नाही. ‘संमती मागे घेणे’ याला घरगुती शब्द अजून सापडलेला नाही. ‘आता नको’ लिहून पाहिले, पण ते फार सैल वाटते. मसुद्याच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत, पेन्सिलीही आहेत. घरी वडीलधारी माणसे असतील तर त्यांना एकदा वाचून दाखवा, आणि ती जिथे ‘म्हणजे काय?’ विचारतील तिथे खूण करून प्रत मला परत द्या.